पडद्यावर मुलाची वही येऊ द्या

प्रश्न असा आहे: दुसरी-तिसरीचा वर्ग. वर्गात मोठा डिजिटल फळा बसला, थोडे टॅबही मिळाले. व्हिडिओ लावला की मुलं रमतात, गोंधळ थांबतो. अ‍ॅपवरच्या गणिताच्या खेळात सगळ्यांना तारेच तारे. पण लेखी चाचणी घेतली की मुलं पूर्वी होती तिथंच. वापरण्यात काही चुकतंय, की एवढ्या लहान मुलांना या साधनांचा उपयोगच नसतो?

उपयोग असतो. पण सध्या तुम्ही ही साधनं ज्या कामाला जुंपली आहेत, त्या कामात तो सगळ्यात कमी असतो. व्हिडिओ लावल्यावर वर्ग शांत होतो आणि शिक्षकाला जरा श्वास घ्यायला मिळतो, हे खरंच आहे. तेवढ्यासाठी तो कधीमधी लावला तरी मी नावं ठेवणार नाही. पण मूल गप्प बसलंय म्हणजे त्याचं डोकं चाललंय, असं नसतं. दुसरीतलं मूल काही नवं शिकत असतं तेव्हा ते बहुधा पुटपुटतं, बोटांवर मोजतं, लिहितं, खोडतं, शेजारच्याच्या वहीत डोकावतं. शिकणाऱ्या वर्गाला आवाज असतो.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे कॅमेरा. मुलाची वही कॅमेऱ्याखाली धरायची, मोठ्या पडद्यावर सगळ्या वर्गाला दाखवायची आणि तिच्यावर बोलायचं. यासाठीचं वेगळं उपकरण मिळतं, नसेल तर फोन स्टँडला उलटा अडकवून पडद्याशी जोडला तरी भागतं. व्हिडिओ, अ‍ॅप, टॅब हे सगळं माझ्याकडे याच्यानंतर येतं. असं का, ते सांगते. उत्तर लांबेल, पण तुमचा प्रश्न ‘हे अ‍ॅप घ्या, ते सोडा’ असं सांगून सुटणारा नाही.

आधी थोडं मागचं. नवं साधन आलं की शाळा पार बदलून जाणार, ही भविष्यवाणी फार जुनी आहे. चलच्चित्रं आली तेव्हा, 1913 मध्ये, थॉमस एडिसननं सांगून टाकलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला, आणि दर वेळी तेच बोललं गेलं. 2015 मध्ये ओईसीडी या प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या संघटनेनं ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या आधारे एक अहवाल काढला. ज्या देशांनी शाळांमधल्या संगणकांवर सढळ हातानं खर्च केला होता, त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात किंवा विज्ञानात डोळ्यांत भरेल अशी सुधारणा त्यात दिसली नाही. पेरू देशानं ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये त्याचा नीट अभ्यास झाला, तेव्हा भाषेच्या आणि गणिताच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. तेव्हा तुमच्या चाचणीचा निकाल जागचा हलला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. नुसतं साधन आल्यानं तो कुठंच हललेला नाही.

पण चित्र इतकं एकरंगी नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर मुलं एका केंद्रात यायची. निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ लहान गटात एका शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. कशामुळे? सहावीतली कितीतरी मुलं प्रत्यक्षात तिसरी-चौथीच्या पातळीवर अडकलेली होती. ते सॉफ्टवेअर आधी मूल कुठं आहे ते शोधायचं आणि तिथूनच सुरुवात करायचं. पाठ्यपुस्तक कुठवर आलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ती मुलं आपल्या वर्गातल्या मुलांपेक्षा मोठी होती हे खरं, पण मला त्यातून जे घ्यायचं ते मी घेतलं: मूल नेमक्या कुठल्या पायरीवर अडलंय हे ज्या साधनातून कळतं ते कामाचं. ज्यातून कळत नाही ते कितीही देखणं असो, करमणूक आहे.

आता तुमच्या ‘तारेच तारे’कडे येऊ. एखाद्या मुलाच्या मागे उभं राहून तो खेळ कसा खेळतो ते पाहा. पडद्यावर 52 – 27 येतं, खाली चार पर्याय. मूल पहिला दाबतं, लाल होतो. दुसरा दाबतं, लाल. तिसरा दाबतं, हिरवा, टाळ्यांचा आवाज, तारा. यात वजाबाकी कुठंच झाली नाही, झालं ते बोट चालवणं. आणि मुलाच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं काही चुकलेलं नाही, कारण खेळात तारा मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग त्यानं शोधला. मुलं असला मार्ग पहिल्या पाच मिनिटांत शोधतात.

याच वजाबाकीवर जरा थांबू, कारण यात एक गंमत दडली आहे. वर्गात 52 – 27 दिलंत तर बरीच मुलं 35 असं उत्तर देतील. अ‍ॅपच्या लेखी ते ‘चूक’, विषय संपला. पण 35 दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतं. एका मुलाला 2 मधून 7 काढता येत नाहीत, म्हणून ते सरळ 7 मधून 2 काढून 5 लिहितं, मग दशकाच्या घरात 5 मधून 2 काढून 3. दुसरं मूल दशक सुटा करतं, 12 मधून 7 काढून 5 लिहितं, पण एक दशक कमी झालाय हे विसरतं आणि 5 मधून 2 काढून 3 लिहितं. दोघांच्या वहीत 35. पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही. दुसऱ्याला कळलंय, फक्त मांडताना एक पायरी गळते. पहिल्याला काड्या आणि गठ्ठे घेऊन पुन्हा बसवायचं, दुसऱ्याला सुटा केलेला दशक खोडून वर 4 लिहायची सवय लावायची. दोघांना मिळून ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं सांगण्यात अर्थ नाही.

आता त्याच मुलांना 54 – 28 द्या. पहिलं मूल 34 लिहील, दुसरं 36. उत्तर पाहताच कोण कुठं अडलंय ते समजतं. म्हणजे आकडे कुठले निवडायचे यालाही महत्त्व आहे, आणि फुकटात मिळणाऱ्या बहुतेक सराव-खेळांत हा विचार केलेला मला दिसत नाही. गंमत म्हणजे संगणकाकडून हे काम करून घेण्याची कल्पना नवी नाही. 1978 मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईनं अभ्यास मांडला होता. मुलं वाटेल तशी चुकत नाहीत, बहुतेक चुकांमागे एक ठरलेली, फक्त चुकीची, रीत असते, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या ‘बगी’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये संगणक चुकणारा विद्यार्थी व्हायचा आणि त्याची रीत शिक्षकानं ओळखायची. आज एवढ्या वर्षांनी आपल्या हातात आलेली अ‍ॅप तारे वाटतात. असो.

तर कॅमेरा. मुलं सोडवत असताना मी बाकांमधून फिरते आणि दोन वह्या हेरते, एक बरोबर आणि एक अशी की जिची चूक वर्गात आणखी चौघांची असेल. ज्याची वही आहे त्याला विचारते, दाखवू का? नाही म्हणालं तर आग्रह नाही. नावावर कागदाची पट्टी. मग वही पडद्यावर जाते आणि मी विचारते, ‘हे लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?’ ‘बरोबर की चूक?’ असं विचारलं तर अर्धा वर्ग ‘चूऽऽक!’ म्हणून ओरडतो आणि काम तिथंच संपतं. विचार काय केला असेल म्हटलं की मुलं आकड्यांकडे पुन्हा बघतात. ‘बाई, त्यानं खालच्यातून वरचं काढलं.’ ‘का काढलं असेल?’ ‘कारण दोनातून सात जात नाहीत.’ ‘मग काय करायचं होतं?’ इथपर्यंत आलं की मी गप्प. तिघं-चौघं एकदम हात वर करतात, आणि कितीदा तरी ज्याची वही असते तेच मूल स्वतःहून सांगतं की ही माझी आहे, आणि आता मला कळलं.

सुरुवातीचे काही दिवस मुलांच्या वह्या दाखवूच नका. ‘एका मुलानं असं सोडवलं’ म्हणून स्वतःच एक चुकीचं गणित लिहून आणा. चुकीवर बोलणं म्हणजे ओरडा खाणं नाही हा विश्वास बसायला वेळ लागतो. वर्गात कुणी हसलं तर त्या दिवशी कॅमेरा बंद. हा नियम मुलांना एकदा कळला की पुन्हा सांगावा लागत नाही.

आणि पडद्यावर बोलणं झालं की लगेच हातात काड्या. 5 गठ्ठे, 2 सुट्या. त्यातून 27 द्यायच्या आहेत, तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. रबर काढताना काड्या घरंगळतात, त्या गोळा करून मोजाव्या लागतात, 10 आणि 2 मिळून 12 होतात. पडद्यावरच्या आभासी काड्या बोट लावताच आपोआप सुटतात आणि आपोआप रांगेत लागतात. जे काम मुलानं करायचं ते यंत्रानं केलं. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरनं 1960 च्या दशकात मांडलेला क्रम, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, प्राथमिकच्या वर्गात रोज खरा ठरताना दिसतो. डिजिटल फळा हे मधल्या पायरीचं साधन आहे. पहिली पायरी वगळून थेट त्याच्यावर चढलात तर मुलं चित्रातले गठ्ठे बरोबर मोजतात आणि वहीत 35 लिहितात.

मोठ्या फळ्याबद्दल आणखी एक तक्रार करून घेते. त्याला हात लावून उत्तर ओढायची सोय असते, म्हणून आपण एका मुलाला पुढे बोलावतो. ते मूल जोडी जुळवतं, फळा नाचतो, बाकीचा वर्ग आपली पाळी कधी येईल याची वाट बघतो. एक जण कामात, बाकी सगळे प्रेक्षक. त्यापेक्षा प्रश्न फळ्यावर ठेवा आणि उत्तर प्रत्येकानं पाटीवर लिहून एकदम वर धरायचं. दहा सेकंदांत सगळा वर्ग डोळ्यांखालून जातो. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, कुणी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, तेही कळतं. पाटी हे साधन जुनं म्हणून अडगळीत टाकू नका. नव्या फळ्यासोबत ती फार छान चालते.

व्हिडिओ मी लावते, पण लहान आणि थांबवत थांबवत. दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरे. पहिल्यांदा आवाज बंद: काय चाललं असेल ते मुलं सांगतात, हमखास वाद होतो. मग आवाजासह. मग पडदा बंद करायचा आणि पाहिलेलं आठवून काढायचं किंवा दोन ओळी लिहायच्या. हा शेवटचा टप्पा वगळलात तर आधीचे दोन वाया गेले म्हणा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. त्यांचा प्रयोग महाविद्यालयीन मुलांवर होता. पण माझ्या छोट्यांचंही तसंच दिसतं, फक्त त्यांना आठवायला चित्राचा आधार लागतो. व्हिडिओ निवडताना नाचणारे प्राणी, सतत वाजणारं संगीत, कोपऱ्यात टाळ्या वाजवणारं कार्टून असेल तर सरळ वगळा. रिचर्ड मायर या संशोधकाचं बरंच काम याच विषयावर आहे: शिकण्याच्या मुद्द्याशी संबंध नसलेली सजावट शिकण्याच्या आड येते. मुलांना ती आवडते हा तिच्या बाजूनं पुरावा नव्हे. आठवड्यानं विचारलंत तर मुलांना ते नाचणारं अस्वल आठवतं, पाण्याची वाफ का झाली ते आठवत नाही.

वनस्पतींचा पाठ घ्या. बीपासून रोप कसं येतं याचे वीस सेकंदांचे सुंदर व्हिडिओ आहेत. ते आधी दाखवलेत तर मुलांना उत्तर आधीच मिळालं, मग ओल्या कापसातल्या घेवड्याच्या बीकडे कोण बघेल? मी उलट करते. बिया पारदर्शक पेल्यात, काचेलगत, ओल्या कापसावर. टॅब एका जागी पक्का, टेबलावर खडूनं खूण, रोज परिपाठानंतर एकच फोटो. त्या दिवसाचा फोटोग्राफर वहीत तारीख लिहितो आणि कालच्यापेक्षा काय वेगळं दिसतंय ते एका वाक्यात. पहिले दिवस काहीच होत नाही, मुलं वैतागतात. मग साल फाटते, पांढरा कोंब येतो, आणि तो खाली जातो! पान आधी येईल अशी पैज लावलेली असते, पण येतं मूळ. शेवटी सगळे फोटो भराभर एकापाठोपाठ फिरवले की वर्गाचा स्वतःचा व्हिडिओ तयार. त्यात मुलांना असं काही दिसतं जे रोज बघूनही दिसलं नव्हतं: रोप खिडकीकडे झुकत गेलंय. ‘पेला फिरवला तर?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि पुढचा आठवडा त्याच्यात जातो. वाढ फार हळू होते म्हणून डोळ्यांना दिसत नाही, ती दाखवायला कॅमेरा लागला. अशा ठिकाणी मी तंत्रज्ञानाला मनापासून हात जोडते.

दुसरी अशी जागा म्हणजे वाचन. मोठ्या वर्गात प्रत्येकाचं वाचन रोज ऐकणं शिक्षकाला जमत नाही, आणि आपण ज्यांचं ऐकतो ती बहुधा हात वर करणारी मुलंच असतात. टॅबवरचा साधा रेकॉर्डर इथं फार कामाला येतो. मूल एका कोपऱ्यात जाऊन सात-आठ ओळींचा उतारा वाचतं, ऐकतं, हवं तर पुसून पुन्हा वाचतं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळी हसतात. दुसऱ्या वेळेपासून कान टवकारतात. ‘मी पूर्णविरामाला थांबलोच नाही’ हे मी शंभरदा सांगून कळलं नव्हतं ते त्यांना स्वतःचं ऐकून कळतं. एकच उतारा चार-पाच वेळा वाचल्यानं ओघ वाढतो आणि तो नव्या उताऱ्यातही उतरतो, हे सॅम्युएल्स या वाचनाच्या अभ्यासकानं 1979 मध्ये लिहून ठेवलंय. पण त्याच उताऱ्याकडे मुलाला कंटाळा न येता पाचव्यांदा वळवायचं कसं, ते रेकॉर्डरमुळे साधतं.

माझ्यासाठी तर त्या ध्वनिफिती खजिनाच आहेत. दुपारी निवांत ऐकायला बसलं की अडणं कुठं आहे ते उमगतं. एक मूल पहिलं अक्षर पाहून शब्द ठोकून देतं, ‘पाऊल’चं ‘पाऊस’ करतं आणि पुढे जातं. दुसरं प्रत्येक अक्षर बरोबर वाचतं, पण शब्द संपेपर्यंत वाक्य विसरतं. तिसरं जोडाक्षर आलं की थबकतं, ‘रस्ता’ला ‘रसता’ म्हणतं, मग स्वतःच सुधारतं. तिघांनाही ‘वाचन सराव आवश्यक’ असा एकच शेरा मिळाला तर कुणाचंच भलं होत नाही. पहिल्याला शब्दाच्या शेवटापर्यंत बोट फिरवायला लावायचं, दुसऱ्याला सोपा मजकूर पुन्हा पुन्हा द्यायचा, तिसऱ्याच्या वाट्याला जायचंच नाही, त्याची गाडी चालू आहे. महिन्याभरानं पहिली आणि शेवटची फीत त्याच मुलाला एकापाठोपाठ ऐकवा. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा ते जास्त बोलकं असतं. पालकांना बोलावलंत तर त्यांनाही तेच ऐकवा.

अक्षर गिरवायची अ‍ॅप मी पहिलीला देत नाही. 2005 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला अक्षरं हातानं लिहून आणि दुसऱ्या गटाला कळफलकावर टाइप करून शिकवली. त्यांतल्या मोठ्या वयाच्या मुलांमध्ये, हातानं लिहिणाऱ्यांनी अक्षरं जास्त नीट ओळखली. बोटानं काचेवर गिरवणं हे या दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. मी पाहिलेल्या अ‍ॅपमध्ये बोट रेषेत राहिलं की शाबासकी मिळते, मग मूल ‘घ’ शेवटाकडून सुरू करो की मधून. पेन्सिलीचा कागदावर बसणारा दाब नाही, चुकलं तर खोडलेल्याची खूण नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळणाऱ्या मुलाला वाळूत, हवेत, पाटीवर, कागदावर ते अक्षर हातानं वळवू द्या.

लांब मजकूर वाचायचा तर पुस्तकच. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात पडद्यापेक्षा कागदावर वाचल्यावर जास्त समजतं असं दिसलं, विशेषतः माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन असताना. मुलांना पानं मागे उलटून ‘ते कुठं होतं?’ म्हणून शोधायची सवय लागणं मला फार मोलाचं वाटतं.

टॅब थोडे आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. दोघांत एक टॅब हा माझा आवडता हिशेब आहे. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल आणि कागद. टॅबवाल्यानं बोलून सांगायचं, पेन्सिलवाल्यानं मांडायचं, दोघांचं एकमत झालं तरच उत्तर दाबायचं. पाच गणितांनी अदलाबदल. यामुळे ते ‘दाबत सुटणं’ आपोआप बंद होतं, कारण पेन्सिलवाला थांबवतो. अ‍ॅप निवडताना मी तीनच गोष्टी बघते. पर्यायांऐवजी उत्तर लिहायची सोय आहे का, चूक झाल्यावर का चुकलं याचा काही सुगावा देतं का, आणि कुणी काय उत्तर दिलं ते मला नंतर दिसतं का. गुणांची क्रमवारी सगळ्यांना दाखवणारं अ‍ॅप असेल तर ती आधी बंद करा. वर्गात शेवटून पहिला कोण हे मुलांना माहीत असतंच, ते रोज पडद्यावर यायची गरज नाही.

बारीकसारीक: पडद्यावरची अक्षरं शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून पाहा. ऊन कुठून येतं ते बघून पडदा लावा. फाइल आदल्या दिवशी उतरवून ठेवा, वर्गात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, आणि वीज गेली तर काय करायचं ते टाचणात आधीच लिहिलेलं असू द्या.

मुलांचे फोटो, आवाज, नावं यांबाबत मात्र कडक राहा. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं 2022 मध्ये 49 देशांतली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली, त्यांतली बहुतेक मुलांच्या माहितीच्या बाबतीत बेफिकीर निघाली. मुलाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख मागणाऱ्या अ‍ॅपमध्ये मी टोपणनाव किंवा हजेरी क्रमांक घालते. वाचनाच्या फिती टॅबवरच राहतात, कुठल्याही गटावर जात नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या महिन्यात विचाराल. युनेस्कोनं 2023 च्या मार्गदर्शिकेत वर्गात त्यांच्या वापरासाठी किमान 13 वर्षं वयाची सूचना केली आहे, त्यामुळे आपल्या मुलांच्या हाती ती द्यायचा प्रश्न येत नाही. शिक्षकानं स्वाध्याय तयार करायला वापरावीत. मी वापरते. पण मराठी मजकूर छापण्याआधी ओळ न् ओळ तपासा, ऱ्हस्व-दीर्घ आणि लिंगवचनात घसरलेली वाक्यं सापडतात. गणितात तर ‘दोन वेगळ्या चुकांची उत्तरंही वेगळी येतील असे आकडे दे’ अशी नेमकी मागणी करा आणि उत्तरं स्वतः सोडवून बघा.

आता तुमच्या चाचणीचं. वापर उपयोगी पडतोय की नाही हे त्याच तासाला कळत नाही. त्या क्षणी सगळ्यांना सगळं आलेलं असतं. आठवड्यानं, पडदा बंद ठेवून, कोऱ्या कागदावर त्याच घटकाचे तीन प्रश्न द्या. गुण नकोत, फक्त कोण कुठं अडलं त्याची नोंद. वरून ‘डिजिटल साधनं किती तास वापरली’ अशी माहिती मागतात, ती भरून द्या, पण स्वतःच्या वहीत ही दुसरी नोंद ठेवा.

सुरुवात वजाबाकीनंच करा, घटक बदलू नका. सोमवारी 54 – 28, 63 – 37 आणि 72 – 46 ही तीन गणितं कागदावर द्या आणि उत्तरांवरून मुलांचे गट पाडा: 34 लिहिणारे, 36 लिहिणारे, बरोबर असणारे आणि भलतंच काही लिहिणारे. मंगळवारी तुमचं स्वतःचं चुकीचं गणित कॅमेऱ्याखाली. बुधवारी पहिल्या गटाला काड्या आणि गठ्ठे, बाकीच्यांना जोडीनं टॅब. गुरुवारी गटांची अदलाबदल, पण 34 वाल्यांच्या काड्या इतक्यात काढून घेऊ नका. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीन गणितं. चौथ्या गटातली, म्हणजे भलतंच लिहिणारी मुलं तेव्हाही तिथंच असतील तर त्यांना जवळ बसवून मोठ्यानं बोलत सोडवायला सांगा आणि ते बोलणं रेकॉर्ड करा. बहुधा गाडी वजाबाकीत नाही, 50 म्हणजे 5 दशक या आधीच्याच पायरीवर अडलेली असते. तसं निघालं तर त्या मुलांनी काय काय म्हटलं ते नावं गाळून लिहून कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.